दोन महिन्यांत येईल का हो हिला?

मे महिन्याच्या शिबिरात नाव घालायला पालक येतात, तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो. यंदा तो एका आईने विचारला. मुलगी सातवी झालेली, आईच्या पाठीमागे अर्धी लपलेली. आई म्हणाली, "ताई, दोन महिन्यांत येईल का हो हिला? म्हंजे कुणी आडवं आलंच तर दोन ठेवून द्यायला?"

मी दरवर्षीसारखं "पाठवा तर खरं, बघू" म्हणून फी घेतली. कोल्हापुरात ज्यूदो शिकवायला लागून मला वीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत या प्रश्नाला मी एकदाही धड उत्तर दिलेलं नाही. उत्तर "हो"ही आहे आणि "नाही"ही, आणि रांगेत उभ्या असलेल्या आईला सांगता येईल एवढं ते छोटं नाही. म्हणून इथे लिहिते.

आधी एक गाठ सोडवू. कराटे, ज्यूदो, कुस्ती, मर्दानी खेळ, बॉक्सिंग हे सगळं आपण "स्वसंरक्षण" या एकाच पिशवीत कोंबतो. शिबिराच्या फलकावर तसंच लिहिलेलं असतं, माझ्यासुद्धा. पण लढता येणं आणि सुखरूप घरी पोचता येणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. थोडा भाग सारखा आहे, बाकीचा शिकवावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी तोच शिकवायचा राहतो.

मैदान आणि बोळ

माझे वडील पैलवान. त्यांच्या फुटलेल्या कानांच्या घड्यांत संध्याकाळीही लाल माती असायची. आम्हा बहिणींना तालमीच्या उंबऱ्याच्या आत जायला बंदी, त्यामुळे हौदातली माती मी पहिल्यांदा पाहिली ती त्या कानांत. (कानाचं गुपित साधं आहे. सतत घासून कूर्चेवरचं पातळ आवरण सुटतं, मधे रक्त साकळतं आणि वेळीच काढलं नाही तर तिथेच कडक होऊन बसतं. जुने पैलवान तो कान पदकासारखा मिरवायचे. माझ्याकडे कुणाचा कान सुजला की मी त्याच दिवशी डॉक्टरकडे धाडते.)

वडील खासबागेत लढलेले. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेलं हे मैदान. मधे हौद आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बसायची जागा, म्हणजे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी. तिथे सगळं आधी ठरलेलं असतं. जोड ठरलेली, दिवस ठरलेला. सलामी झडते, पंच बघत असतो, पाठ मातीला लागली की कुस्ती संपते. बोळात यातलं काही नसतं. समोर किती जण आहेत, कुणाच्या खिशात काय आहे, सुरुवात नक्की कधी झाली, काहीच कळत नाही. मैदानात प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन वर बसलात की निम्मी कुस्ती मारली. बोळात एकाला खाली दाबून बसलात की त्याच्या दोस्ताच्या लाथेला तुमचं डोकं बरोबर उंचीवर सापडतं.

मग पैलवानाची मेहनत रस्त्यावर फुकट जाते का? अजिबात नाही. फक्त तिथे उपयोगाला येतो तो डाव नसतो. रोज पहाटे नव्वद किलोचा माणूस अंगावर घेणाऱ्याची कुणी कॉलर धरली तर त्याचा श्वास अडकत नाही. पकड, धक्का, दुसऱ्याच्या अंगाचा घाम, खाली दबून गुदमरणं या सगळ्याची त्याला इतकी सवय असते की डोकं जागेवर राहतं. तुम्हा-आम्हाला शेवटचा जोराचा धक्का कदाचित शाळेत बसला असेल. म्हणून पहिल्याच धक्क्याला आपलं निम्मं भान उडतं.

मर्दानी खेळाचं थोडं वेगळं आहे, आणि याबद्दल लिहिताना मला जपून लिहावं लागतं, कारण माझा सख्खा भाऊ लाठी फिरवतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीत हलगी-घुमक्याच्या तालावर फिरणारी लाठी, फरीगदगा (ढाल आणि काठी), विटा (दोरी बांधलेला भाला), दांडपट्टा बघून ज्याच्या अंगावर काटा येत नाही तो कोल्हापूरचा नव्हे. दांडपट्ट्याला तर २०२४ साली महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं. त्याची करामत समजून घेण्यासारखी आहे. पातं लांब आणि लवचिक, आणि साध्या मुठीच्या जागी कोपराकडे जाणारा लोखंडी खोबळा. हात त्या खोबळ्यात गेला की मनगट वळवता येत नाही. त्यामुळे फिरवण्याचा सगळा जोर खांद्यातून, कमरेतून आणि पायांतून काढावा लागतो. म्हणूनच वस्ताद आधी महिनोन्‌महिने पवित्रेच घोटून घेतात.

पण प्रात्यक्षिकात तळहातावर ठेवलेलं लिंबू पट्ट्याने कापताना ज्याचा हात पुढे असतो त्याला पट्टा कुठून येणार हे माहीत असतं, आणि त्याने हात हलवायचा नसतो. ती दोघांच्या एकमेकांवरच्या भरवशाची गोष्ट आहे. झटापटीत समोरचा हात हलवतो. हा फरक भावाला सांगितला की तो चिडतो. पण लाठीने एक गोष्ट मात्र आमच्या ज्यूदोपेक्षा फार चांगली शिकवली जाते, ती म्हणजे अंतर. लाठी फिरवणाऱ्या पोराला डोळे मिटूनही कळतं की आपल्याभोवतीचं रिंगण किती मोठं आहे आणि त्यात कोण शिरलं.

अंतराला एवढं महत्त्व का, ते एका अमेरिकन पोलीस प्रशिक्षकाने मोजून दाखवलं. डेनिस टुलर त्याचं नाव. १९८३ साली त्याने लिहिलं की चाकू घेतलेला धडधाकट माणूस २१ फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात तोडतो. २१ फूट म्हणजे आपल्या एसटीची निम्मी लांबी आणि वर थोडं. तेवढ्या वेळात कमरेचं पिस्तूल काढून नेम धरणं सरावलेल्या पोलिसालाही जेमतेम जमतं. चाकू हिसकावून घ्यायचे डाव शिकवणारे क्लास मी पाहिले आहेत. माझं मत स्पष्ट आहे: चाकू दिसला की पर्स द्या, मोबाईल द्या, सोनं द्या, आणि वाट मिळेल तिकडे पळा. पळायला वाटच नसेल तर हाताला येईल ती खुर्ची, दप्तर, सायकल मधे घाला. पकडीचा डाव त्याच्याही नंतर.

भोंगा

आता माझीच गोष्ट. पंधरा-सोळा वर्षं झाली. मी तेव्हा ब्लॅक बेल्ट, राज्य पातळीवर खेळून आलेली. रात्री साडेनऊला सरावाहून चालत घरी येत होते. बोळाच्या तोंडाशी मोटारसायकल थांबली, मागे बसलेला उतरला आणि त्याने माझा डावा दंड धरला. ज्यूदोत ही पकड म्हणजे आमंत्रण. हजार वेळा तरी मी त्या पकडीवरून माणसं टाकली असतील. मी काय केलं? काही नाही. नुसती उभी राहिले. डोक्यात एकच विचार फिरत होता, तो मला अजून शब्दन्‌शब्द आठवतो: पिशवीतला ड्रेस भिजवायचा राहिलाय. वरच्या खिडकीतून एका मावशींनी "कोण हाय रं तिकडं?" म्हणून आवाज टाकला आणि ते दोघे निघून गेले.

घरी मी हे कुणालाच सांगितलं नाही. पैलवानाची मुलगी, ब्लॅक बेल्ट, आणि मातीच्या ढेकळासारखी उभी राहिली! पुढे कितीतरी दिवस मुलींना "असं धरलं तर असं सोडवायचं" सांगताना माझाच आवाज मला खोटा वाटायचा.

शरीरात काय झालं ते मला नंतर कळलं. धोक्याची चाहूल लागली की मेंदूचा विचार करणारा भाग जागा होण्याआधीच आतला भोंगा वाजतो. जुन्या कोल्हापूरकरांना शाहू मिलचा भोंगा आठवत असेल, वाजला की अख्खी पेठ हातातलं काम टाकून हलायची. तसंच हे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी रक्तात ॲड्रिनॅलिन सोडतात. हृदय धडधडतं, श्वास वरवर चालतो, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. पचन थांबतं म्हणून तोंड कोरडं पडतं. नजर बोगद्यातून पाहिल्यासारखी अरुंद होते, त्यामुळे बाजूने येणारा दुसरा माणूस दिसत नाही. कान बधिर झाल्यासारखे होतात. बोटं थरथरतात.

या तयारीतून तीन वाटा निघतात. लढणं, पळणं, आणि तिसरी जिच्याबद्दल कुणी बोलत नाही ती, म्हणजे थिजणं. अनेक प्राणी धोका दिसला की आधी जागच्या जागी थिजतात, कारण हलणारं सावज चटकन दिसतं. माणसात ही जुनी यंत्रणा तशीच शिल्लक आहे. कधीकधी ती इतकी घट्ट बसते की इच्छा असूनही हात उचलत नाही आणि आवाज फुटत नाही. म्हणून कुणावर प्रसंग आला की "मग तू ओरडली का नाहीस?" हा पहिला प्रश्न विचारणारी माणसं मला सहन होत नाहीत. भित्रेपणाचा आणि थिजण्याचा संबंध नाही. ही गोष्ट मी वर्गात पहिल्यांदा मोकळेपणाने सांगितली, तेव्हा मागच्या रांगेतली एक धिप्पाड पोरगी खाली बघत म्हणाली, "ताई, मी पण नुसताच उभारलो होतो. मला वाटलं माझ्यातच कायतरी कमी हाय."

आपल्या शरीरात असं होतं, हे आधीपासून ठाऊक असलं तरी भोंगा वाजायचा थांबत नाही. पण तो वाजला की माणूस स्वतःलाच दचकत नाही. "हं, हात थरथरतायत, म्हणजे सुरू झालं" एवढं ओळखता आलं तरी पुढची हालचाल लवकर सुटते.

श्वासाचं एक साधं यंत्र मात्र आपल्या हातात आहे. धडधड थेट कमी करता येत नाही, श्वास करता येतो. उच्छ्वास लांबवला की मेंदूपासून पोटापर्यंत गेलेल्या व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाला सावकाश होण्याचा निरोप जातो. चार अंक मोजून आत, सहा-सात मोजत बाहेर. कुस्तीत दम टिकवायला वस्ताद "सोड, श्वास सोड" म्हणून ओरडतात, ते हेच. ओरडणंही एक लांब उच्छ्वासच आहे. कराट्यात प्रहाराबरोबर जी आरोळी असते तिचा एक उपयोग हाच.

डाव आठवत नाही

भोंगा वाजल्यावर डोक्याला वीस पर्यायांतून एक निवडता येत नाही. हे नुसतं माझं मत नव्हे. पर्याय जितके जास्त तितका प्रतिक्रियेला वेळ जास्त लागतो, हे विल्यम हिक नावाच्या इंग्लिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ साली प्रयोगाने दाखवलं. नुसता दिवा लागलेला दिसला की बटण दाबायचं, एवढ्यालाच सरासरी पाव सेकंदाच्या आसपास लागतो. त्यात "मनगट धरलंय का दंड, डाव्या हाताने का उजव्या, मग सहाव्या दिवशी शिकलेलं का नवव्या" हा हिशेब घातला की संपलं. दहा दिवसांच्या शिबिरात तीस डाव शिकवणारा माणूस मुलांना प्रमाणपत्र देतो आणि बरोबर गोंधळही देतो.

योगायोग बघा, त्याच १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी ब्राँझपदक घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापुरात राजाराम कॉलेजला होते. जुनी माणसं त्यांचं नाव काढतात तेव्हा त्यांच्या ढाक या डावाचं नाव निघतंच. कुस्तीत डाव शेकड्याने आहेत, तरी पैलवान ओळखला जातो तो एखाद-दुसऱ्या डावाने. तो डाव त्याने इतका घोटलेला असतो की आठवावा लागत नाही. समोरच्याचा तोल गेल्याचं हाताला कळलं की कंबर आपोआप वळते.

आता घोटायचा म्हणजे कसा, इथे खरी मेख आहे. जपानमध्ये जिगोरो कानो नावाच्या तरुणाने १८८२ साली टोकियोत कोडोकान ही ज्यूदोची शाळा काढली. त्याआधीच्या जुजुत्सू या जपानी झुंजविद्येत डोळ्यात बोटं घालणं, सांधे मोडणं असे जीवघेणे प्रकार भरपूर होते. ते जोडीदारावर खरोखर करता येत नाहीत, म्हणून सराव बराचसा ठरवून व्हायचा: तू असं ये, मी असं टाकतो. कानोंनी असे घातक प्रकार ठरावीक क्रमाच्या कवायतीत बाजूला ठेवले आणि उरलेल्या फेकी-पकडींवर खुली झुंज सुरू केली, पूर्ण ताकदीने, समोरचा जीव तोडून विरोध करत असताना. वरवर पाहिलं तर त्यांनी विद्या मवाळ केली. प्रत्यक्षात पोरं जास्त तयार झाली, कारण रोज खरा विरोध अंगावर घेत होती.

हे वाचलं तेव्हा मी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यात काय नवीन? आमची लढत मग काय असती?" बरोबरच होतं. तालमीत जोर-बैठका झाल्या की मातीत लढत होतेच, आणि लढतीत समोरचा तुम्हाला डाव करू देत नाही. ढाक शिकायची तर जो ढाक बसू देत नाही त्याच्यावरच शिकायची. बघायला शोभिवंत पण जोडीदार मुकाट पडतो असा सराव असेल, तर तो व्यायाम आहे, नृत्य आहे, आणि दोन्ही चांगलेच आहेत. फक्त त्याच्या भरवशावर रात्रीच्या बोळात शिरू नये.

मी हा विरोध पायरीपायरीने वाढवते. पहिल्या आठवड्यात जोडीदार नुसतं धरतो. मग धरून ओढतो. मग ओढताना शिव्या देतो (ठरवून दिलेल्या, नाहीतर पालकांचे फोन येतात). मग दोघे जण. मुलीने "थांब" म्हटलं की त्याच क्षणी थांबायचं, हा नियम कुणीही मोडायचा नाही. ज्या प्रमाणात भोंगा अंगवळणी पडतो त्या प्रमाणातच पुढची पायरी. एकदम शेवटची पायरी दिली की मूल काही शिकत नाही, नुसतं घाबरतं.

आणि सगळ्यात अवघड पायरी कुठली म्हणाल तर ओरडण्याची. लाथ मारायला पोरी दुसऱ्या दिवशी तयार होतात. "ए! मागं हो!" हे चार माणसांना ऐकू जाईल असं ओरडायला सांगितलं की दोन दिवस नुसतं खिदळणं चालतं. तोंडावर ओढणी, एकमेकींच्या पाठीमागे लपणं. लहानपणापासून "हळू बोल" ऐकलेला गळा एका सकाळी कसा उघडेल? त्यासाठी मी पोरींना पंचगंगा घाटावर नेते. समोर पाणी आणि पलीकडे ऊस, ऐकायला कुणी नसतं. तिसऱ्या दिवशी कुणातरी एकीचा आवाज फुटतो, ती स्वतःच दचकते, आणि मग बाकीच्यांना आवरावं लागतं.

जाता जाता पडण्याबद्दल. ज्यूदोत पहिला महिना पडायलाच शिकवतात: हनुवटी छातीला, हात जमिनीवर सपाट आपटून धक्का पसरवायचा, हातावर भार घेऊन थांबायचं नाही. वीस वर्षांत माझ्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावर कुणाला आपटल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. पावसाळ्यात स्कूटर घसरून, ओल्या फरशीवर, जिन्यावरून पडून डोकं वाचल्याचे फोन मात्र दरवर्षी येतात. ज्या आईला दोन महिन्यांचा हिशेब हवा होता तिला मी निदान हे तरी सांगायला हवं होतं. पडणं दोन महिन्यांत नक्की येतं.

हात उचलण्याआधीचं

जेफ कूपर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने जागरूकतेचे रंग सांगितले आहेत. पांढरा म्हणजे बेसावध. पिवळा म्हणजे निवांत पण डोळे उघडे. नारिंगी म्हणजे एका विशिष्ट गोष्टीवर लक्ष गेलंय, "हा माणूस तीन वळणं झाली तरी मागेच कसा?" लाल म्हणजे आता करायचं. गंमत अशी की आपण बहुतेक वेळ पांढऱ्यात असतो, कानात इअरफोन, मान मोबाईलमध्ये, आणि अचानक लाल होतं. मधले दोन रंग चुकले की भोंगा सगळ्यात जोरात वाजतो. पिवळ्यात राहणं थकवणारं नाही. महाद्वार रोडच्या गर्दीत लहान मुलाचा हात धरून चालणारी कुठलीही बाई पिवळ्यातच असते, तिला कुणी शिकवलेलं नसतं.

नारिंगीत आल्यावर करायच्या गोष्टी अगदी साध्या: रस्ता बदलणं, उजेडाच्या दुकानात शिरणं, थांबून मागे वळून बघणं, फोन लावणं. ११२ हा आपत्कालीन नंबर अनेक फोनांत बाजूचं पॉवर बटण पटापट दाबलं तरी लागतो. बोटं थरथरत असताना पासवर्ड टाकता येत नाही, म्हणून ही सोय आपल्या फोनमध्ये चालू आहे का ते घरी बसून आधी बघून ठेवायचं.

मुलग्यांसाठी हाच धडा वेगळ्या टोकाने शिकवावा लागतो. त्यांना बोळात कुणी गाठण्यापेक्षा "काय बघालायस रं?" यातून सुरू झालेली भांडणं जास्त महाग पडतात. आमच्या गावात ईर्षा हा दागिना आहे. फुटबॉलच्या मॅचला ती शोभते, चौकात ती अंगाशी येते. एका ठोशाने माणूस मागे पडून डांबरी रस्त्यावर डोकं आपटलं तर मारणाऱ्याचं आयुष्यही तिथेच थांबू शकतं. "चुकलं भावा" म्हणून बाजूला होणारा माझा एक विद्यार्थी आहे, राष्ट्रीय पातळीचा. दोस्त त्याला चिडवतात. त्याला फरक पडत नाही, कारण स्वतःला काय येतं ते तो आठवड्यातून पाच दिवस मॅटवर बघतो.

आता पालकांना न आवडणारी गोष्ट. आपण मुलींना अंधाऱ्या बोळातल्या अनोळखी माणसासाठी तयार करतो. पण नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांची देशाची आकडेवारी वर्षानुवर्षं एकच सांगते: दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, कामाच्या ठिकाणचा माणूस. तिथे पहिली लढाई पकडीशी नसते, संकोचाशी असते. "काका काय म्हणतील", "उगाच तमाशा नको", "माझाच काहीतरी गैरसमज असेल".

यावर कॅनडात एक चांगला अभ्यास झाला. शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या सुमारे नऊशे मुलींचे दोन गट केले. एका गटाला फक्त माहितीपत्रकं दिली. दुसऱ्याला एकूण बारा तासांचा वर्ग दिला: ओळखीच्या माणसाकडून होणारा धोका कसा ओळखायचा, मनातला संकोच कसा ओलांडायचा, ठाम शब्दांत नाही कसं म्हणायचं, आणि त्यात थोडा वेळ हातपाय चालवायचा सराव. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. वर्षभरात बलात्काराला सामोऱ्या गेलेल्या मुलींचं प्रमाण पहिल्या गटात ९.८ टक्के होतं, वर्गाला बसलेल्यांत ५.२ टक्के. बारा तासांत कुणी ब्लॅक बेल्ट होत नाही. तरी धोका जवळजवळ निम्म्यावर आला, कारण वर्ग नेमक्या त्या ठिकाणी हात घालत होता जिथे आपण घालत नाही. तेव्हापासून माझ्या शिबिरातले दोन दिवस मी यासाठी काढून ठेवते. त्या दिवशी मॅटवर कुणी पडत नाही, नुसतं बोलणं होतं. काही पालकांना वाटतं मी टाळाटाळ करते.

कायद्याचंही थोडक्यात सांगते, कारण "मारलं तर माझ्यावरच केस होईल" ही भीती खूप जणींच्या मनात असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काची आहेत, जुन्या दंडविधानात ती ९६ ते १०६ होती. स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्याच्या शरीराच्या बचावासाठीही हा हक्क आहे. तो पहिला वार बसल्यावर सुरू होत नाही. धोक्याची रास्त भीती निर्माण झाली की सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंत टिकतो. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. जिवावर बेतणारा हल्ला, बलात्काराचा प्रयत्न, अपहरण, ॲसिडहल्ला अशा ठरावीक प्रसंगी तो हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही जातो. धोक्यात सापडलेल्या माणसाने आपले वार सोन्याच्या तराजूत तोलून करावेत अशी अपेक्षा धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटलं आहे. पण हल्लेखोर पळायला लागला आणि तुम्ही पाठलाग करून त्याला बडवलं, तर तो बचाव राहत नाही. वर्गात मी हे एका वाक्यात सांगते: सुटलीस की मागे वळायचं नाही.

राहिला प्रश्न कुठे घालायचं याचा. कुस्ती का कराटे, लाठी का ज्यूदो, यावर मी भांडत बसत नाही. मुलाला जे आवडेल ते टिकेल, आणि टिकेल तेच उपयोगी पडेल. मात्र फी भरण्याआधी एक संध्याकाळ कोपऱ्यात बसून सराव बघा. समोरचा खराखुरा विरोध करतोय का, का सगळे मुकाट पडतायत? मुलाने थांब म्हटलं की थांबतात का? नवख्याला जुन्यांच्या हाती ठोकायला देतात का? शिकवणारा स्वतःच्या मारामाऱ्यांच्या गोष्टी किती सांगतो? "आमची विद्या इतकी घातक आहे की सरावात वापरताच येत नाही" असं ऐकू आलं की चप्पल घालून घरी जा. आणि तुम्हाला बसून बघायलाच देत नसतील तर आत काय चालतं हे विचारायचीही गरज नाही.

त्या आईची पोरगी आता रोज येते. आल्या आल्या चपला नीट लावते, पडायला बरी शिकली आहे, ओरडायला अजून लाजते. पुढच्या तुकडीत कुणी येणार असाल तर सकाळी सहाला या, पोट रिकामं ठेवून. हातातल्या बांगड्या, अंगठ्या घरी ठेवा, आणि नखं कापून या. पहिल्या दिवशी निम्म्या जणांना मी त्यासाठीच परत पाठवते.